आता कुणी पडत नाही

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या गावावर काजळी पडते. कारखान्याच्या धुराड्यातून उठते, वाऱ्याबरोबर तरंगत येते आणि दोरीवरच्या धुण्यावर, अंगणातल्या तुळशीवर, म्हशीच्या पाठीवर अलगद बसते. म्हशीच्या पाठीवरची दिसत नाही एवढंच. लहानपणी आम्ही ती तळहातावर झेलायचो. झेलली की मोडायची आणि हातावर काळी रेघ उरायची. वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी जे वाढले त्यांना थंडी म्हटलं की मळीचा आंबूस वास, ऊस भरून डुलत जाणाऱ्या ट्रॉल्या आणि ही काजळी आठवते. धुकं वगैरे नंतर.

मी सांगलीत राहायला येऊन वीसेक वर्षं झाली. इथं काजळी पोचत नाही. यंदा हंगामाच्या पहिल्या ट्रॉल्या रस्त्यानं जायला लागल्या त्याच आठवड्यात माझ्या फोनवर एक जाहिरात आली. मी लॅबमधलं काम आटपून जिना उतरत होते, ती जिन्यातच थांबले. चित्रात दोन बुटकी माणसं होती, एक तांबडा आणि एक हिरवा. दोघांच्या पाठीला गाठोडी. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, तुमच्या बालपणीचा लाडका खेळ नव्या रूपात परत आला आहे.

माझ्या बालपणीचा तो नव्हता. आम्ही तो खरा खेळलो तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि बारावीला दोन विषय राहिले म्हणून घरी बसले होते. पण 'परत आला आहे' हे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. ही जाहिरात आली तेव्हा दादा जाऊन जेमतेम तीन महिने झाले होते.

दिनकरदादा माझा थोरला भाऊ. फौजेत होता. मी दहावी पास झाले तेव्हा सुट्टीवर येताना त्यानं दिल्लीच्या कुठल्याशा बाजारातून माझ्यासाठी हा खेळ आणला होता. एक काळा डबा, दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर जपानी अक्षरं, त्यामुळं खेळाचं नाव काय ते आम्हाला कधीच कळलं नाही. आम्ही त्याला 'उड्या' म्हणायचो. लाइट आली की आबासुद्धा सोप्यातून हाक मारायचे, "लाइट आलीया गं, लाव तुज्या उड्या."

खेळ साधा होता. तांबड्यानं आणि हिरव्यानं गाठोडी घेऊन उजवीकडं चालायचं. वाटेत खड्डे, विहिरी, लाकडी पूल, अंगावर येणारी पाखरं. सगळ्यांवरून उड्या मारत जायचं. आधी जंगल, मग भुयार, मग एक गाव आणि शेवटी बर्फाचा डोंगर. दोघांनाही मोजके जीव. खड्ड्यात पडला की एक जीव गेला. सगळे संपले की पहिल्यापासून. मधेच लाइट गेली तरी पहिल्यापासून. पडताना एक सूर वाजायचा, वरून खाली उतरत जाणारा, आणि तळाला पोचायच्या आधीच तो थांबायचा. तो असा अर्धवट का ठेवला असेल, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं.

ज्या हंगामाबद्दल मी लिहिते आहे, त्या हंगामात दादा आजारपणाच्या रजेवर घरी आला. डाव्या हाताला बँडेज होतं. बर्फातल्या पोस्टवर दोन बोटांची पेरं गेली होती. उन्हाळ्यातच त्याचं लग्न झालं होतं. शालनवहिनी कवठे महांकाळकडची, कोरड्या रानातली. आमच्याकडं पाटाला पाणी सोडलं की हातातलं काम टाकून ती काठावर जाऊन उभी राहायची आणि वाहत्या पाण्याकडं बघत बसायची. वय वीस. मी तिच्यापेक्षा लहान, पण रीतीप्रमाणं ती मला 'वन्सं' म्हणायची आणि अहोजाहो करायची. मी मात्र तिला सरळ 'ए वैनी'. लग्नानंतर दादा जेमतेम महिनाभर तिच्याजवळ होता. आता तो परत आला होता, आणि बोलत नव्हता.

म्हणजे विचारलं तर उत्तर द्यायचा. "व्हय." "न्हाई." "ठेव तितं." त्यापलीकडं काही नाही. सगळ्यात वाईट त्याचं चालणं होतं. अंगणातून गोठ्याकडं जातानासुद्धा तो पाऊल टाकायच्या आधी पायाच्या टोकानं जमीन चाचपून बघायचा. ज्या अंगणात तो रांगला होता त्या अंगणात. आई चुलीपुढं बसून हळूच म्हणायची, "ह्येच्या संगं काय तरी आलंय." आणि तिन्हीसांजेला त्याच्यावरून भाकरीचा तुकडा उतरून लांब टाकून यायची. आबा म्हणायचे, "काय येत न्हाई नि जात न्हाई. थंडीनं बधीर झालाय. हुईल बरा." पण तेही त्याच्यापुढं मोठ्यानं बोलायचं टाळायला लागले होते. घरात एक माणूस जास्त आहे आणि तो कुणाला दिसत नाही, असं त्या दिवसांत आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं. फक्त तो कोण, हे आम्हाला माहीत नव्हतं.

फौजेतल्या डॉक्टरांनी उरलेली बोटं हलती ठेवायला सांगितली होती. म्हणून मी माळ्यावरून तो काळा डबा काढला. दादा काही न बोलता माझ्या शेजारी बसला. तांबडा त्याचा, हिरवा माझा. डाव्या अंगठ्यानं बाण दाबताना त्याचा चेहरा आवळायचा, पण तो दाबायचा. जंगल गेलं, भुयार गेलं, गाव गेलं. बर्फाचा डोंगर आला. पडदा पांढरा झाला, गाणं हळू झालं. दादानं रिमोट खाली ठेवला, उठला आणि रानात निघून गेला.

दुसऱ्या दिवशीही तेच. पुढच्या आठवड्यातही तेच. पांढरं दिसलं की तो उठायचा.

*

मुलगी पुण्याला शिकायला गेल्यापासून तिचं गेमचं यंत्र आमच्या कपाटात पडून होतं. जाहिरात आली त्या रविवारी सकाळी मी ते बाहेर काढलं आणि नवा खेळ विकत घेऊन त्यात उतरवला. नवऱ्यानं दारातून डोकावून बघितलं आणि चहा ठेवून गेला. तो असल्या वेळी विचारत नाही.

सुंदर होता. खोटं कशाला बोलू. झाडांची पानं हलत होती, विहिरीतल्या पाण्यात आभाळ दिसत होतं. मोठा वाद्यवृंद लावून जुनं गाणं नव्यानं वाजवलं होतं. आमच्या टीव्हीवर ती दोघं चौकोनी ठिपक्यांची होती, नाकाच्या जागी एक ठिपका, डोळ्याच्या जागी एक. आता त्यांना भुवया होत्या, दात होते, नावं होती. आणि ती बोलत होती. उडी मारली की बोलायची, पाखरू मेलं की बोलायची, सतत एकमेकांची थट्टा करायची. जुने दोघं मुके होते. ते मुके होते म्हणूनच त्यांच्यात आमची माणसं मावली होती, हे मला त्या रविवारी कळलं. ह्या बडबड्यांत कुणाला शिरायला जागाच नव्हती.

मग मी मुद्दाम एका खड्ड्यात उडी टाकली. मला तो सूर ऐकायचा होता. सूर वाजला नाही. हिरवा खाली गेला न गेला तोच एका चमकत्या फुग्यात बसून वर आला आणि जिथून पडला होता तिथंच हसत उभा राहिला. पडद्याच्या कोपऱ्यात जिथं जीव मोजलेले असायचे तिथं आता एक हसरा चेहरा होता. जीव हा प्रकारच काढून टाकला होता. मी सगळी सेटिंग उघडून बघितली. रंग जुने करता येत होते. बाकी काहीच जुनं करता येत नव्हतं.

आपण राहत होतो त्या घरात दुसरं बिऱ्हाड आलेलं बघावं तसं वाटलं. भिंती रंगवलेल्या, खिडक्यांना नवे पडदे. त्यांचं काही चुकलेलं नसतं. आपल्यालाच दारात उभं राहवत नाही.

*

वहिनी त्या हंगामात दारातून सगळं बघत होती. एका दुपारी आम्ही दोघी मागच्या अंगणात ज्वारी पाखडत होतो. ती म्हणाली, "वन्सं, ह्ये बर्फाच्या म्होरं का जात न्हाईत?"

"अवघड हाय ते," मी म्हटलं. "जमत न्हाई त्याला. हात दुखतोय न्हवं."

तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "मला शिकवा."

दादा आबांबरोबर उसात गेला आणि लाइट असली की आमची शाळा भरायची. वहिनीच्या हाताला लसणाचा वास यायचा. पदर खोचून, मांडी घालून ती टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसायची. हिरव्यानं उडी मारली की तीही जागच्या जागी उचलली जायची. पहिले काही दिवस तिला पहिलाच खड्डा ओलांडता आला नाही. "ह्येला पाय हायत का न्हाईत?" असं ती हिरव्याला विचारायची. पण जिद्दी होती. जंगल तिनं मागं टाकलं, भुयार टाकलं, आणि एक दिवस आम्ही बर्फावर पोचलो.

त्या बर्फात एक लबाडी होती. वाटेवर पांढऱ्या लाद्या होत्या. काही पक्क्या, काही नुसत्या सालीसारख्या पातळ. दिसायला सगळ्या सारख्या. पातळ लादीवर पाय पडला की ती मोडायची आणि माणूस खाली. ओळखायची खूण कुठलीच नाही. पडून पडून लक्षात ठेवायचं, एवढाच मार्ग. वहिनी पडत राहिली आणि लक्षात ठेवत राहिली. भाकरी थापता थापता ती पुटपुटायची, "सुळक्याखालची कच्ची. झाडाजवळची पक्की. तिच्या म्होरच्या दोन्ही कच्च्या." मी हसायचे. ती हसायची नाही. एकदा आम्ही खेळत असताना आई आत आली. नवी सून भर दुपारी टीव्हीपुढं मांडी घालून बसलेली तिनं बघितली. आता बोलणार म्हणून मी मान खाली घातली. आईनं पाठीमागून दार हळूच ओढून घेतलं, बाहेरून कुणाला दिसू नये म्हणून.

मला वाटत होतं की आम्ही दादाची लाज झाकायला शिकतोय. त्याला जमत नाही, तर बायको पुढं होऊन त्याला पार नेईल. वहिनीलाही तसंच वाटत असावं. आम्हाला काहीच माहीत नव्हतं.

संक्रांतीच्या आधीची एक दुपार. ऊसतोडीची टोळी आमच्याच रानात होती, उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, वाड्याचे भारे दाराशी पडले होते, म्हशी खुशीत होत्या. दादा खेळायला बसला. मी हिरवा रिमोट उचलणार एवढ्यात वहिनी पुढं आली.

"मी घिऊ का?"

दादानं तिच्याकडं बघितलं आणि सरकून जागा दिली. मी मागं चौकटीला टेकून उभी राहिले.

जंगलात तिनं एक जीव घालवला, भुयारात दोन. बर्फ आला. दादा रिमोट खाली ठेवायला वाकला.

"थांबा की," वहिनी म्हणाली. "मला येतंय ह्ये. माज्या मागनं या."

का कोण जाणे, तो थांबला. हिरवा पुढं, तांबडा मागं. जिथं ती पाय ठेवायची तिथंच तो ठेवायचा. सुळका गेला. झाड गेलं. मला वहिनीची पाठ दिसत होती, ताठ झालेली. अर्ध्याहून जास्त डोंगर पार झाला होता. आणि तिला पाठ असलेल्या, शंभर वेळा ओलांडलेल्या एका कच्च्या लादीवर तिचा पाय पडला.

लादी मोडली. तो सूर उतरत गेला आणि मधेच थांबला. तिचा शेवटचा जीव होता. हिरवा परत आला नाही. पांढऱ्यावर एकटा तांबडा उरला.

दादाचं तोंड राखेसारखं झालं. रिमोट त्याच्या मांडीवर पडला. वहिनी वळून त्याच्याकडं बघायला लागली. तिला वाटलं, आपण चुकलो म्हणून तो रागावला. मैत्रिणीबरोबर खेळताना मला एकदा चुकून एक गोष्ट सापडली होती, ती मी सांगून टाकली.

"दादा, तुज्यातला एक दिता येतोय तिला."

"काय?"

"जीव. तू खाली बसायचं, बसूनच दोन्ही बटनं दाबून धरायची. एक जीव तिकडं जातोय."

त्यानं रिमोट उचलला. डाव्या अंगठ्यानं खालचा बाण दाबला, उजव्या हातानं दोन्ही बटणं. तांबडा बर्फावर गुडघे टेकून बसला. कोपऱ्यातला त्याचा एक आकडा उतरला आणि वरून हिरवा येऊन त्याच्या शेजारी उभा राहिला.

दादानं बटणं सोडली नाहीत. अजून एक उतरला, तिकडं एक चढला. अजून एक. त्याच्या दुखऱ्या हाताची शीर तट्ट फुगली होती. "दादा, सोड," मी म्हटलं, "तुजे संपतील." त्याला ऐकू आलं नाही. वहिनीनं त्याच्या हातावर हात ठेवला.

"आवं, बास," ती म्हणाली. "आले न्हवं मी. बास आता."

त्यानं सोडलं. टीव्हीकडंच बघत तो म्हणाला, "बिरूला असं आणता आलं न्हाई."

वहिनीनं विचारलं, "कोण बिरू?"

"आटपाडीचा. माज्या जोडीचा. माज्या म्होरं चालला हुता." तो थांबला. मग इतक्या दिवसांचं साठलेलं त्यानं अगदी थोड्या शब्दांत सांगितलं. गस्त घालून परत येत होते. बर्फावर कालच्याच पायांच्या खुणा होत्या, त्यावरून चालले होते. बिरू मेंढरांच्या गोष्टी सांगत होता. एक पाऊल टाकलं आणि खालचा बर्फ झाकणासारखा उघडला. "वराडला न्हाई का काय न्हाई. गोष्ट अर्धीच ऱ्हायली. मी हातानं उकरत बसलो. दोर आणून उतरली सगळी, पर लय खोल हुतं." मग म्हणाला, "तितं मी पाय ठेवायचा हुता, शालन. जरा आदी मीच म्होरं हुतो."

लग्नानंतर त्यानं तिचं नाव घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मी चौकटीपासून बाजूला झाले. बाहेर आई धुणं गोळा करत होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि अर्धं धुणं माझ्या हातात दिलं.

संक्रांतीनंतर दोघं एसटीनं आटपाडीला गेले. तिथलं मला वहिनीनं सांगितलं. बिरूचे भाऊ मेंढरं घेऊन लांब गेले होते, घरी फक्त म्हातारे वडील. दादाला तोंडातून शब्द काढता येईना, म्हणून तिनंच हे कोण, कुठले ते सांगितलं. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "थंडी लय वाजली का त्येला?"

"न्हाई," दादा म्हणाला. "लगीच झालं."

"मग बरं," म्हातारा म्हणाला, आणि जेवून जा म्हणाला.

दादा परत रुजू झाला तेव्हा त्याला स्टोअरमध्ये काम दिलं. निवृत्त झाल्यावर तो गावी येऊन ऊस बघायला लागला. दर हंगामात आटपाडीला जाऊन यायचा, म्हातारा होता तोवर आणि नंतरही. हसायचा, भांडायचा, माझ्या मुलीला खांद्यावर घेऊन पाटात उतरायचा. जमीन चाचपून पाऊल टाकायची सवय मात्र पुरती गेली नाही. अनोळखी घराच्या उंबऱ्यावर त्याचा पाय क्षणभर अडायचा. दुसऱ्या कुणाला ते दिसलं नसतं.

काळा डबा कधीतरी बिघडला, कॅसेट कुठंतरी गेली. आम्ही शोधली नाही. यंदा भाद्रपदात दादाला ताप आला, तो उतरेना. मिरजेच्या हॉस्पिटलमध्ये नेलं आणि थोड्याच दिवसांत सगळं संपलं.

*

तेव्हापासून वहिनी बोलेनाशी झाली होती. म्हणजे बोलायची, पण ऊस, पाणी, टोळी, खत, एवढंच. मुलगा पुण्याला कंपनीत आहे, तो बोलावत होता, गेली नाही. मी फोन केला की म्हणायची, "व्हय. हाय बरी. ऊस जाईल आता." दादाचं नाव निघालं की फोनवर नुसता वाऱ्याचा आवाज यायचा. हे गप्प राहणं मी एकदा घरात बघितलं होतं. म्हणून नवा खेळ आवडला नव्हता तरी एकदा फोनवर मी तिला सांगितलं, "वैनी, उड्या परत आल्यात." तिनं आधी उसाचं, टोळीचं सांगून घेतलं. मग म्हणाली, "आणा की."

मी यंत्र घेऊन गेले तेव्हा सकाळ होती. मळ्यातल्या घरामागं तोड चालू होती, कोयत्यांचा आवाज येत होता. पायरीवर काजळी पडली होती. वहिनीनं हात धुऊन पदराला पुसले आणि ती टीव्हीपुढं मांडी घालून बसली. पन्नाशीला आली आहे, केस बरेच पांढरे झालेत. तिनं हिरव्याचा रिमोट घेतला. मी तांबड्याचा उचलला.

"तुमी नका घिऊ," ती म्हणाली. "त्यो ऱ्हाऊ दे तसाच."

मी तो खाली ठेवला. खेळ सुरू झाला. गाणं वाजलं, दोघं बडबडत आले. आणि तांबडा आपापला चालायला लागला. उडी मारली, थांबला, वळून हिरव्याकडं बघितलं. वहिनीचा हात थबकला. तिनं जमिनीवर पडलेल्या रिमोटकडं बघितलं.

"त्येला कोण हलवतंय?"

"मशीनच," मी म्हटलं. "दुसरं कुणी नसलं की तेच खेळतंय."

ती पुढं निघाली. जंगल ओलांडलं, भुयार ओलांडलं. तिच्या हातांना सगळं आठवत होतं. तांबडा तिच्या बरोबरीनं चालत होता, एकदाही चुकत नव्हता. बर्फ आला. नव्या बर्फात कच्च्या लाद्यांवर निळसर चमक दिली आहे, लहान पोरालाही कळावं म्हणून. वहिनी एका चमकत्या लादीसमोर उभी राहिली आणि तिनं मुद्दाम पाय ठेवला. हिरवा पडला, फुग्यात बसून वर आला. तांबड्यानं टाळ्या वाजवल्या आणि काहीतरी म्हणाला.

"काय म्हणला?"

"चांगला प्रयत्न केलास म्हणतोय."

ती परत पडली. परत वर आली. परत पडली. दर वेळी ती हिरव्याकडं बघत नव्हती, तांबड्याकडं बघत होती. वाट बघत असल्यासारखी.

"ह्यो खाली बसत न्हाई व्हय?"

"न्हाई, वैनी. आता लागतच न्हाई. जीव संपतच न्हाईत ह्यात."

तिनं रिमोट मांडीवर ठेवला. बाहेर कोयते चालू होते. ती म्हणाली, "मिरजंत मला आत सोडलं न्हाई त्यांनी. काचंतनं बघत हुते मी, वन्सं. नळ्या लावलेल्या हुत्या. मी नुसती हुबी." मग अगदी हळू, "मी बसले असते की खाली."

तीन महिन्यांत दादाबद्दल तिनं उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती रडली नाही. टीव्हीवरची दोघं पाय हलवत उभी होती.

"ज्यांनी ह्ये नवं केलंय," ती म्हणाली, "त्यांच्यातलं अजून कुणी गेलं नसंल." तिच्या आवाजात राग नव्हता. "बरं हाय त्यांचं."

बाहेरून टोळीच्या मुकादमानं हाक मारली, ट्रॉली भरली म्हणून. वहिनी गुडघ्यावर हात टेकून उठली. दारात थांबून म्हणाली, "येते जाऊन. मग सांगते तुमाला, मिरजंत काय काय झालं ते. आज ऱ्हावा." आणि उसाकडं गेली.

मी टीव्ही बंद करायला उठले. हिरवा वाटेच्या मधोमध उभा होता. तांबडा पुढं चालत गेला, पडद्याच्या कडेला पोचला, थांबला. वळला. तेवढंच अंतर परत आला आणि हिरव्याकडं बघून त्यानं हात हलवला, चल म्हणून. हिरवा हलला नाही. तो परत पुढं गेला, परत फिरून आला, परत हात केला. कुणीतरी कुठंतरी बसून त्याला तसं शिकवलं होतं, मला माहीत होतं. माझा हात बटणाशी जाऊन पोचला होता. तांबडा पुन्हा कडेपर्यंत गेला. तो परत फिरेपर्यंत थांबावं, असं मला वाटलं.